काचेचा पंचनामा

नोकरीतली बरीच प्रकरणे मी विसरलो. धाराशिवच्या कलाकेंद्राचे प्रकरण मात्र अजूनही स्वस्थ बसू देत नाही.

निजामकाळातल्या एका दगडी गोदामात हे केंद्र चालत असे. त्याचे रूप पालटायचे ठरले. बाहेरून आलेल्या आर्किटेक्टने आराखडा काढला: मधला दगडी खांब हटवायचा, वर लोखंडी तुळई टाकायची आणि सलग मोठे दालन करायचे. उद्घाटनाला चार दिवस उरले असताना ठेकेदार ठाण्यात आला. कोणीतरी आत शिरून दालनाच्या भिंतीचा नवा गिलावा फोडत होते. पाठोपाठ वरून फोन आला: "उद्घाटनाआधी आरोपी आत पाहिजे." मी गुन्हा नोंदवला.

खबर समोरच्या चहावाल्याने दिली. "साहेब, एक म्हातारं रोज उजाडताच मागच्या खिडकीतून आत जातंय. हातात छिन्नी, पिशवीत काचा. लई तऱ्हेवाईक हाय."

दुसऱ्या सकाळी आम्ही त्याला तिथेच धरले. बेंबळी गावचा गवंडी, सत्तरी ओलांडलेला. तो याच कामावर होता. खांब काढू नका म्हणाला, म्हणून ठेकेदाराने त्याला हाकलले होते. मला सुडाचा हेतू आयताच मिळाला. पिशवीतल्या काचेच्या पट्ट्या मी जप्तीत 'धारदार वस्तू' म्हणून लिहिल्या.

ठाण्यात विचारले, "बाबा, गिलावा का फोडलात?"

"भेग बघाया. खांब काढला तवाच पडली. त्यांनी वरून गिलावा मारला. भेग झाकली, मिटली न्हाय."

हवालदार हसला. "अन् काचा कशाला? शीशमहल बांधताय व्हय?"

म्हातारा भडकला. "हसा! साहेब, भेगंवर काच आडवी चिकटवायची. भिंत थांबली असंल तर काच ऱ्हाती. सरकत असंल तर तुटती. माझा बाप ह्येच करायचा. म्या चार लावल्या, चारी तुटल्या. तिथं शाळंची पोरं चित्रं घेऊन बसणार हाईत, आन् तुम्ही मला हितं बसवलंय."

मी जप्तीतल्या पट्ट्या पुन्हा काढल्या. तुटलेल्या चारही पट्ट्यांवर खिळ्याने तारखा कोरल्या होत्या. सकाळी मला ते ओरखडे वाटले होते. समोरचा माणूस आरोपी ठरवला की पोलिसाचे डोळे असे निकामी होतात.

त्याला घेऊन तडक दालनात गेलो. पंचांसमक्ष पाचवी पट्टी लावली, पंचनामा केला, दाराला सील ठोकले, पहारा बसवला. ठेकेदार धावत आला. "साहेब, इंजिनिअरच्या सहीपेक्षा काचंवर विश्वास?"

"काचेला कुणाचा फोन येत नाही," मी म्हणालो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सील काढले. पट्टी मधोमध दुभंगली होती. मी लगेच जिल्हाधिकाऱ्यांना अहवाल धाडला. उद्घाटन रद्द झाले. आर्किटेक्ट आला, भेगेवर हात फिरवला आणि आराखडा बदलायला बसला. आज तो खांब दालनाच्या मधोमध पुन्हा उभा आहे. काहीच कोसळले नाही, म्हणून बातमीही झाली नाही.

इथे थांबलो असतो तर ही फुशारकी ठरली असती. भेग माहीत असूनच ठेकेदाराने ती झाकली होती आणि ती उघडी पाडणाऱ्यावर खोटी तक्रार केली होती. मी न्यायालयाला तसे कळवायला हवे होते. पुन्हा फोन आला. मी लिहिले: 'तक्रार गैरसमजातून.' गवंडी सुटला, ठेकेदारही सुटला. पुढच्या सरकारी कामावर त्याचीच पाटी लागली.

गवंडी ठाण्यात पिशवी न्यायला आला. म्हणाला, "माझं नाव निघालं न्हवं?"

"निघालं, बाबा."

"आन् त्या ठेकेदाराचं लागलं का?"

मी पिशवी पुढे केली. भेगेवर गिलावा मीही मारला होता.