शेडमधली चार वल्ह्यांची बोट

धरणाच्या पाण्याजवळ दगडी भिंतींची, कौलारू छपराची एक जुनी शेड होती. धरणाचं काम चालू असताना साहेब लोकांच्या बोटींसाठी ती बांधली, असं सांगत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, मी कॉलेजात होते तेव्हा, रविवारी सकाळी तिथे कोणीही येऊन वल्हवायला शिकू शकत असे. अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका शिकवायचे. दार उघडलं की आतून ओल्या लाकडाचा आणि तेलाचा वास यायचा. तो वास मला अजून आवडतो.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. तिथे कोणाशी काय बोलावं, कळत नसे. बोटीत बोलावं लागत नाही. पुढच्याच्या पाठीकडे बघून वल्हं ओढायचं. पहिल्या दिवशी मी विहिरीचं पाणी शेंदावं तसं ओढलं आणि बोट गोल फिरली.

"जोर आहे तो जपून वापर," काका म्हणाले. "बाकीच्या तिघांनाही यायचंय आपल्याबरोबर."

माझ्यामागची मुलगी इतकी हसली की तिचं वल्हं सुटलं. पुढे तीच माझी मैत्रीण झाली.

अडचण फुलांची होती. आमच्या मळ्यातला झेंडू आणि शेवंती रोज पहाटे, रविवारीसुद्धा, तोडून बाजारात न्यावी लागे. दसरा जवळ आला तसे वडील म्हणाले, "बास झालं आता ते. एवढा झेंडू कोण तोडणार?" मी शेवटचा म्हणून एक रविवार मागून घेतला.

त्या दिवशी बाजार लवकर आटोपून ते मला न्यायला आले, तेव्हा बोट अजून शेडमध्येच होती. लाकडी, जड बोट. काकांचा खांदा दुखत होता.

"अहो दादा, जरा हात लावता का?" काकांनी हाक मारली.

वडिलांनी खांदा लावला. बोट पाण्यात उतरली.

"लय जड हाय. कुठं जाता हिच्यात?"

"समोरच्या काठापर्यंत. आणि परत."

"अन् ही पोरं उलटी बसून? पुढचं कोण बघतं?"

"मी. म्हणून तर मला बसून राहायला मिळतं."

वडील हसले. मी धीर करून विचारलं, "जाऊ?"

"जा."

आम्ही परत येईपर्यंत ते पायरीवर बसून होते. घरी जाताना गाडीवर, मळ्याजवळ आल्यावर म्हणाले, "झेंडू शनिवारी संध्याकाळीच तोडू. ओल्या गोणपाटाखाली ताजा राहतो. शेवंती नाय राहायची."

मी सरळ बसले. "मग शेवंतीचं?"

"बघू."

पुढच्या शनिवारी आम्ही सगळ्यांनी अंधार पडेपर्यंत झेंडू तोडला. रविवारी मी निघाले तेव्हा आई आणि वडील शेवंतीच्या वाफ्यात वाकलेले होते. आईने मान वर न करता सांगितलं, "जपून जा. पाणी हाय ते."