गोमुखापाशी वळताना

बाळांनो, गेल्या श्रावणात तुमच्या आजीची श्रद्धा डळमळली होती, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. हृदयविकाराच्या झटक्यानंतर साताऱ्याच्या घराच्या फाटकापर्यंत गेलं तरी धाप लागायची. यवतेश्वराच्या टेकडीवरचे माझे सोमवार चुकले. तुमच्याकडे यायची तयारी मात्र पुरी होती. विणलेले स्वेटर घडी घालून बॅगेत ठेवले होते. पण मिरजेचे डॉक्टर म्हणाले, "आधी तुमचं हृदय किती चाल सोसतं ते मोजू, मग प्रवासाचं बोलू." मला देवाचा रागच आला. इतकी वर्षं नेमानं त्याच्या दारी गेले, आणि आता नातवंडांची भेट दवाखान्याच्या व्हरांड्यात ठरणार!

व्हरांड्याच्या दोन टोकांना नारिंगी शंकू ठेवले होते. त्यांच्यामध्ये सहा मिनिटं येरझाऱ्या घालायच्या, एवढीच चाचणी. "आपल्या चालीनं चाला, दम लागला तर थांबा," असं चाचणी घेणाऱ्या मुलीनं दोनदा सांगितलं. पण मी जन्मभर शाळेत परीक्षा घेतलेल्या. थांबणं म्हणजे नापास होणं, एवढंच मला कळत होतं. पदर खोचून झपाझप निघाले आणि थोड्याच फेऱ्यांत छाती भरून आली. भिंतीला टेकले. देवा, माझी वाट इथंच संपली का, असं मनात आलं.

बाकावर जतकडची एक बाई नवऱ्याचा नंबर लागायची वाट पाहत बसली होती. ती म्हणाली, "आवं आजी, शर्यत लावलीया व्हय? म्हादेवाला फिरतो तसं फिरा की. गोमुखापतूर जायाचं, मागं वळायचं. द्येव काय पळून जातोय?"

"बाई, चाचणी चालू आहे, बोलू नका!" मुलगी ओरडली.

"मी कुटं बोलतीया? त्यास्नी द्येवाचं सांगतीया!"

मला हसू आलं, आणि हसता हसता श्वास मोकळा झाला. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ते गोमुख ओलांडायचं नसतं; तिथून परतायचं, हे मी लहानपणापासून पाळत आले. अलीकडचा शंकू नंदी, पलीकडचा गोमुख. पुन्हा चालू लागले, नाम पावलांशी जुळलं. मुलगी "झालं, थांबा" म्हणाली, तेव्हा मला आणखी चालावंसं वाटत होतं.

चाचणी आटोपून वळले तेव्हा बाक रिकामा होता. त्या बाईचं नावही मी विचारलं नाही. तिला तिथं कोणी बसवलं, याचा तर्क मी करत नाही; रोज हात मात्र जोडते.

डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशनची गरज नाही. औषधं घ्या, रोज चाला. पण इतका लांबचा प्रवास यंदा नको." सकाळी हेच ऐकलं असतं तर मी त्यांच्याशी इंग्रजीत वाद घातला असता. आता नुसतं "बरं" म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

परवाच्या सोमवारी रिक्षानं टेकडीवर गेले. सावकाश प्रदक्षिणा घातली, गोमुखापाशी वळले. तिथून परतलं म्हणून महादेवाची प्रदक्षिणा अपुरी राहिली, असं कोणी म्हणत नाही. घरी येऊन तुमचे स्वेटर बॅगेतून काढले आणि कपाटात ठेवले. नाताळच्या सुट्टीत तुम्हीच या. टेकडीवर पहाटे चांगलाच गारठा असतो, स्वेटर लागतील. मी तुमच्याबरोबर चालेन, माझ्या चालीनं.