दुसऱ्या भागातली सावड

दादांना धावड्यातून हलवायचं म्हणजे अजिंठ्याचा डोंगर ट्रॅक्टरला बांधून नवीन जालन्याच्या स्टेशनापर्यंत ओढत आणायचं काम. ते मी अंगावर घेतलं, आणि तेही एका कॉम्प्युटर गेमच्या जोरावर. हसू नका. त्या गेममध्ये मी जेवढा घामाघूम झालो, तेवढा लग्नाच्या बोहल्यावरही झालो नव्हतो.

दादा म्हणजे माझे वडील. वय पंचाहत्तर, ते स्वतः अडुसष्ट सांगतात. आई गेल्यापासून गावात एकटेच. मागच्या हिवाळ्यात विहिरीजवळ त्यांचा पाय घसरला. सकाळी पडले ते दुपारी सापडले, आणि तेही शेजाऱ्याची म्हैस दावं तोडून तिकडं गेली आणि तिच्यामागं शेजारी गेला म्हणून. म्हैस जरा गरीब स्वभावाची असती तर काय झालं असतं, हा विचार मी आजही अर्धवट सोडतो. तिच्यासाठी मी सरकीच्या ढेपेचं अख्खं पोतं घेऊन गेलो होतो. दादा मात्र खाटेवर बसून म्हणाले, "मी पडलो न्हवतो. टेकलो होतो."

"तीन तास?"

"ऊन चांगलं लागून राह्यलं होतं."

मी म्हणालो, जालन्याला चला. बायकोनं खोली रिकामी केली, बाथरूममध्ये धरायला लोखंडी दांडी बसवून घेतली. दादा म्हणाले, "तुझ्या बाल्कनीत उभं राह्यलं की समोरच्याची बाल्कनी दिसती. मी काय दिवसभर त्याचे टावेल पाहू?"

दोन महिने हेच चाललं. शेवटी एका रविवारी दादांनीच तोडगा काढला. "तो राजाचा खेळ हाय ना आपला? त्याचा दुसरा भाग आलाय म्हणत होतास. त्यात मला हरीव. मी बॅग भरतो. न्हाई हरवलंस, तर जालन्याचा विषय तुझ्या तोंडातून परत निघायचा न्हाई. बोल."

मी बोललो. बोलायला काय जातं!

पहिल्या भागाची गोष्ट आधी सांगतो, नाहीतर पुढची कळायची नाही. मी कॉलेजात असताना जीपमधून एक जुनापाना कॉम्प्युटर धावड्याला आणला होता. त्याचा पंखा असा घुमायचा की मळणीयंत्र कुणी आणलं म्हणून अर्धं गाव बघायला आलं. त्यात हा खेळ होता. तुम्ही एका राज्याचे राजे. डोंगरावर ड्रॅगन, नदीपलीकडं राक्षस, जंगलात शाप देणारी म्हातारी. सात हिवाळे राज्य टिकवायचं, आणि जमलं तर शेजारच्या राजाला आपला मांडलिक करायचं. मांडलिक झाला तो हरला. चित्रं अशी की माणूस म्हणजे चार ठिपके आणि घोडा म्हणजे सहा.

दादा दोन दिवस पाठीवर हात बांधून मागं उभे राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांना राहवेना. "हा राजा येडा हाय का? गहू सोंगणीला आलाय अन् हा तलवारी घासून राह्यला!" त्यांनी खुर्ची ओढली. त्यानंतर आम्ही दोघं दोन राजे झालो. कॉम्प्युटर एकच, म्हणून आळीपाळीनं खेळायचं. माझी पाळी असली की दादांनी भिंतीकडं तोंड करायचं, त्यांची असली की मी. त्या भिंतीवरचा एकूण एक पोपडा मला आजही पाठ आहे.

त्यात दोन हात हातात घेतल्याचं एक चित्र होतं. ते कशाला, कुणालाच ठाऊक नव्हतं. एकदा दादांचं रान पिकून उभं आणि माझी माणसं रिकामी बसलेली. दादा म्हणाले, "धाड की इकडं." मी ते चित्र दाबलं. माझे ठिपके विळे घेऊन त्यांच्या रानात सोंगायला गेले. पुढच्या पाळीला त्यांचे ठिपके माझ्या रानात आले. सावड! आज माझी माणसं तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या. आमच्याकडं पेरणी-काढणी अशीच उरकते. त्यात कागद नाही, मोजमाप नाही, आणि आलेली सावड न फेडणाऱ्याच्या बांधाला पुन्हा कुणी पाय लावत नाही. खेळ बनवणारे कुठल्या मुलखाचे होते देव जाणे, पण त्यांच्यातल्या एकाचं तरी आजोळ आमच्या भोकरदन तालुक्यात असणार, याबद्दल मला शंका नाही.

मी दादांना कधी हरवू शकलो नाही. मी लढाया करायचो, दादा धान्य घरात आणायचे. सातव्या हिवाळ्यात माझे सैनिक उपाशी मरायचे आणि त्यांच्या राज्यात राक्षससुद्धा निंदणीला जायचे.

आता दुसरा भाग. देखणा म्हणजे किती? ड्रॅगनच्या खवल्यावरचं शेवाळ दिसतं. घोड्याच्या पापणीचे केस एकेक दिसतात. गहू वाऱ्यानं हलतो तेव्हा मी खुर्चीत नाक वर करून वास घेतला होता. शिवाय भिंतीकडं तोंड करायला नको. एकानं धावड्यात बसावं, दुसऱ्यानं जालन्यात. मी माझा जुना लॅपटॉप दादांना नेऊन दिला. रेंज फक्त गच्चीच्या एका कोपऱ्यात मिळायची, तिथं त्यांनी मिरच्या बाजूला सारून बाज टाकली आणि डोक्यावर छत्री बांधली. पाट्या सगळ्या इंग्रजीत. दादांनी त्यावर सोपा उपाय शोधला: हिरवं बटण दिसलं की दाबायचं.

सामना पंधरा दिवसांनी ठरला. ते पंधरा दिवस मी दुकानात कमी बियाणं विकलं आणि जास्त राज्य केलं. कॉम्प्युटरनं चालवलेल्या राजांशी खेळून हात बसवत होतो. तिथंच माझ्याकडून ती चूक झाली. शेजारच्या राजाचं पीक उभं दिसलं, माझी माणसं रिकामी. हातात हात घेतलेलं चित्र याही भागात होतं, फक्त आता त्याला सोन्याची किनार. मी सवयीनं दाबलं. शिंग वाजलं. पाटी आली. मी ती तीनदा वाचली. मी माणसं पाठवली, म्हणजे नजराणा दिला. समोरच्यानं तो स्वीकारला. आता मी त्याचा मांडलिक. खेळ खलास.

मदत करणारा चाकर आणि मदत घेणारा सम्राट! मी टेबलावर अशी मूठ आपटली की बायको स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन धावत आली. हा झाला पहिला राग. त्याच्या मागोमाग जो विचार आला तो कुणाला तोंडानं सांगण्यासारखा नाही, म्हणून लिहितो आहे. दादांना हे माहीत नव्हतं. आणि दादा सावड मागितल्यावर नाही म्हणणारे नव्हते.

रविवारी सकाळी दहाला बसलो. शेजारी फोन, त्यावर दादांचा आवाज. मागं बायको, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून. "मामांची खोली तयार हाय," ती माझ्या कानाशी म्हणाली. "आता तुम्ही फक्त जिंका."

सरळ खेळून जिंकायचं, आणि नाहीच जमलं तर ते, असं मी मनाशी ठरवलं होतं. पहिल्या हिवाळ्यातच कळलं, जमणार नाही. दादांनी नदीला बांध घातला. शाप देणाऱ्या म्हातारीला झोपडी बांधून दिली, ती त्यांच्या बाजूला गेली. ड्रॅगन माझ्यावर दोनदा आला, त्यांच्या वाटेला फिरकला नाही.

"दादा, ड्रॅगनला काय खाऊ घालून राह्यलात?"

"तुझी मेंढरं. तू कुंपण कुठं घातलं होतंस?"

सहा हिवाळे गेले. भाकरी ताटात तशीच होती. सातव्या हिवाळ्याच्या तोंडावर माझी माणसं मी मुद्दाम तटबंदीच्या कामाला लावली आणि पीक उभं ठेवलं. मग घसा साफ केला.

"दादा, माझं रान उभं हाय. माणसं कमी पडून राह्यलीत."

फोनमध्ये गच्चीवरचा वारा घोंगावत होता.

"किती पाहिजेत?"

"वीस."

"विसानं काय होतंय, लेका? हिवाळा आला की. सगळी धाडतो."

"सगळी नको!" माझ्या तोंडून निघून गेलं.

"माझं रान दोन दिवस दम धरतं. तुझं उरकून घे जल्दी."

शिंग वाजलं. आणि माझ्या पडद्यावर डोंगर उतरून माणसं यायला लागली. शेतकरी आले, त्यांच्यामागं सैनिक, ढाली पाठीला आणि हातात विळे. त्यांच्यामागं राजवाड्याचा स्वयंपाकी. सगळ्यात शेवटी जल्लाद, कुऱ्हाडीऐवजी विळा घेतलेला. दादांच्या राज्यात तेव्हा फक्त दादा उरले असतील.

खाली दोन बटणं आली. हिरवं, स्वीकारायचं. तांबडं, परत पाठवायचं. मधे वाळूचं घड्याळ. वाळू पडायला लागली.

"दाबा की," बायको म्हणाली.

माझं बोट हिरव्यावर होतं. विहिरीची कड डोळ्यांसमोर होती. तीन तास. म्हैस. पुन्हा पडले आणि त्या दिवशी एकही दावं तुटलं नाही तर? आणि त्याच वेळी दादा समोरच्याचे टावेल पाहत बाल्कनीत बसलेलेही दिसत होते. आपण कसे हरलो, हे ते एक ना एक दिवस विचारणारच.

"अहो, थांबलात का?"

मी फोनवर तळहात दाबून धरला. "त्यांनी माणसं धाडली, म्हणून हिरवं दाबलं की ते हरतात."

"मदत केली म्हणून?"

"हो."

"अन् हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

मी वाळूकडं पाहत राहिलो. खुर्चीच्या पाठीवरचा तिचा हात निघाला. "मग मला काही विचारू नका," ती म्हणाली.

फोनमधून दादा ओरडले, "सोंगायला लागली का न्हाई माणसं? इथं काहीच दिसून न्हाई राह्यलं!"

वाळू चिमूटभर उरली होती. मी तांबडं दाबलं.

जल्लादासकट सगळे माघारी वळले. दिवस मात्र वाया गेला होता, आणि पलीकडं दादांचं रान पिकून वाकलं होतं. मी तटबंदी सोडायला लावली, हातात हात घेतलेलं चित्र दाबलं आणि माझी होती नव्हती ती सगळी माणसं त्यांच्या रानात पाठवली. का, ते विचारू नका. रान उभं होतं म्हणून.

पलीकडं शिंग वाजल्याचं फोनमधून ऐकू आलं. दादांना हिरवं बटण दिसलं असणार. त्यांनी दाबलं.

माझ्या पडद्यावर माझा मुकुट गळून पडला. तोही इतक्या सुंदर चित्रात, की आतलं अस्तरसुद्धा दिसलं.

"हरलास!" दादा असे ओरडले की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. "बिलकुल हरलास! मांडलिक झालास लेका!" मग एकदम आवाज खाली आला. "पण झालास कसा? मी तर काहीच केलं न्हाई."

"मी माणसं धाडली. तुम्ही घेतली. या भागात असंच हाय."

"मंग मघाशी मी धाडली तेव्हा मी का न्हाई हरलो?"

दादांचं डोकं पंचाहत्तरीतही असं चालतं, हे मी विसरलो होतो.

"मी परत धाडली म्हणून."

"तुला ठाव होतं?"

बायको माझ्याकडं पाहत होती. खोटं बोलण्यात माझा हात जिल्ह्यात कुणी धरणार नाही, पण त्या वेळी एकही सापडलं नाही.

"होतं."

वारा. कुणाच्या तरी ट्रॅक्टरचा आवाज, लांब जाणारा. दादांनी फोन ठेवला असता तरी मी समजून घेतलं असतं.

"वीसच मागितली होतीस," शेवटी ते म्हणाले.

"हो."

"सगळी आली म्हणून लाजलास."

मी पडद्यावरचा पडलेला मुकुट मिटवला.

"बराबर. पहिल्या भागात असली भानगड न्हवती. शब्द म्हणजे शब्द. जालन्याचा विषय बंद. तुझ्या तोंडून परत निघायचा न्हाई."

"न्हाई निघणार."

"पण तुझी माणसं माझं रान सोंगून गेली. सावड माझ्याकडं राह्यली. ती मी ठेवून घेत न्हाई. बोल, कधी फेडू?"

माझ्यातला लबाड मेला नव्हता, नुसता आडवा झाला होता. तो उठून बसला.

"एप्रिल-मे," मी म्हणालो. "इथं. दोन महिने."

"येडा झालास का? एका दुपारच्या सोंगणीचे दोन महिने?"

"सगळी माणसं धाडली होती, दादा."

"जल्लाद धाडला होतास का?"

"माझ्याकडं जल्लाद न्हवता."

"मंग आठ दिवस."

"महिना."

"पंधरा. अन् त्या टावेलाकडं मी बघणार न्हाई."

दादा आले ते छत्री, लॅपटॉप आणि मिरच्यांची पिशवी घेऊन. पहिल्याच दिवशी बाथरूममधून आवाज आला, "ही दांडी कशाला ठोकलीय?"

"टेकायला, मामा," बायको म्हणाली.

दादांनी ती दांडी दोनदा हिसका देऊन पाहिली, नवा खुंटा बैल बांधण्याआधी पाहतात तशी. दांडी हलली नाही.

आता आमच्या टेबलावर धावड्याहून आणलेला तो जुना कॉम्प्युटर आहे. पंखा घुमतो म्हणून खालचे लोक दोनदा तक्रार करून गेले. माझी पाळी असली की दादा भिंतीकडं तोंड करून बसतात. पंधरा दिवसांचे आज एकोणीस झाले आहेत. मी काही विचारत नाही. विषय बंद आहे.