बोटीच्या हाकेसाठी

पौडजवळच्या माळावर सरकारने बिनतारी संदेशांचा खांब उभारला, तेव्हा थोडंफार इंग्रजी येत असल्याने मला तिथे कारकुनी मिळाली. तिथे एकच अधिकारी होते, पुण्याचे. बोलता बोलता ते बोट वर करून थांबायचे, कानावरच्या यंत्रात काही उमटतंय का ते ऐकायचे आणि अर्धं राहिलेलं वाक्य तिथूनच पुढे न्यायचे.

एकदा माझी आई शेळीचं दूध घेऊन आली. तिने त्यांना विचारलं, "माजा धाकला बोटीवर हाय. वादळात बोटीनं हाक मारली, तर कोनाला ऐकू येती का?"

"दर वेळी नाही, मावशी. सगळी बिनतारी यंत्रं एकाच लहरीवर बोलतात, त्यात ती हाक बुडते."

पुढे मुंबईहून साहेब आला. सरकारने आधी कशाचं संशोधन करायचं, ते त्याला ठरवायचं होतं. त्याचा ओढा विलायतेपर्यंत संदेश पोचवण्याकडे होता.

"आधी बोटींच्या हाकेसाठी एक लहर मोकळी कशी ठेवायची, ते शोधू या," आमचे अधिकारी म्हणाले.

साहेब चिडला, बदलीची भाषा करू लागला. हे मात्र हटले नाहीत. अखेर साहेबाने मान डोलावली.

संध्याकाळी ते स्वतः आमच्या वाडीवर आले. "बोटींच्या हाकेचं काम आता सुरू होईल, मावशी. वेळ लागेल."

"लागू द्या की. माज्या पोराचा इचार केलासा, ह्येच लई झालं."

तिला त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. त्यानंतर रोज देवापुढे ती म्हणायची, "माज्या पोराला सांबाळ, आन् त्या खांबवाल्यालाबी."