दही लागलं नाही तो आठवडा

सलग तीन दिवस माझं दही लागलं नाही. विरजण घरचं, भांडं नेहमीचं, दूध कोमट. तरी सकाळी झाकण काढलं की आत पातळ दूधच. त्याच आठवड्यात मुलीच्या अंगावर गांध्या उठल्या. मी आधी सुकटीला दोष दिला, मग साबण बदलला. धाटावच्या कारखान्यात शिफ्टला निघता निघता नवरा म्हणाला, "विरजण बिघडलं असेल, शेजारून आण."

वाटी घेऊन शेजारच्या वयनीकडे गेले. रोह्यात राहायला आल्यापासून दुधाचा रतीब तिच्याकडेच होता. तिच्या दोन म्हशी. मुलगी लहान असताना दवाखान्यात पेनिसिलिनची सुई टोचली आणि तिचा चेहरा सुजून डोळे मिटले, तेव्हा तिला मांडीवर घेऊन माझ्याबरोबर रिक्षात बसली ती वयनीच. पेनिसिलिन पोरीला चालत नाही, हे तिला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

तिचं दही घट्ट लागलं होतं. ती वाटी भरत असताना मला खिडकीत सिरिंज आणि रिकामी बाटली दिसली. बाटलीवरचं नाव वाचलं: पेनिसिलिन.

"हे कुणाला टोचलंस?"

"थोरल्या म्हशीला गो. कास सुजलीय. पेणच्या मेडिकलातून मागवलं, मीच टोचते. डॉक्टर बोलवला की सांगणार, इतके दिवस दूध ओतून टाक. तोवर गिऱ्हाइकं ऱ्हातील काय?"

"म्हणजे दूध आम्हाला दिलंस?"

"सगळीच देतात. तू उकळतेस ना? उकळल्यावर काय ऱ्हातंय त्यात?"

उकळून औषध जात नाही, हे तोंडावर आलं होतं. पण माझी नजर तिच्या दह्यावर होती. या औषधाने विरजणही मरतं, म्हणूनच माझं लागलं नव्हतं.

"मग तुझं दही कसं लागलं?"

"ते धाकटीच्या दुधाचं हाय. नातवासाठी येगळं काढते..." आणि ती मध्येच थांबली.

न कळून केलं असतं, तर मी कडकडून भांडले असते आणि दोन दिवसांनी बोललेही असते. पण तिला धोका कळत होता. स्वतःच्या घरापुरता तो तिने बाजूला काढला होता.

"पोरीला काय झालं काय गो?" तिने हळूच विचारलं.

"गांध्या उठल्यात. उद्यापासून दूध नको."

भरलेली वाटी तिच्या ओट्यावरच राहिली.

चार दिवसांत गांध्या गेल्या. आता पिशवीचं दूध घेते. त्या म्हशींना कोण काय टोचतं, मला माहीत नाही. पण ती माणसं माझ्या मुलीला ओळखत तरी नाहीत.