गंजलेल्या मडगार्डची साक्ष

ठाण्याच्या आवारात उभी असलेली ती अर्धवट सोललेली काळी गाडी अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी तेव्हा रत्नागिरीत उपनिरीक्षक होतो. नावं मी कोणाचीच घेणार नाही. यातली काही माणसं अजून हयात आहेत.

गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर एका सकाळी आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना गाडीने उडवलं. बाई लस टोचायला पायी एका वाडीवर निघाल्या होत्या. गाडीवाला थांबला नाही. बाईंना सिव्हिल हॉस्पिटलात आणलं तेव्हा त्या बेशुद्ध होत्या आणि एक पाय दोन ठिकाणी मोडला होता. त्या भागातली निम्मी बाळंतपणं याच बाईंनी केलेली. दुपारपर्यंत ठाण्यासमोर माणसं जमली. ती घोषणा देत नव्हती, नुसती बसून होती. अशी गर्दी अंगावर जास्त येते.

आंब्याच्या बागेतल्या एका गड्याने लांबून गाडी पाहिली होती. काळी, जुन्या बांधणीची, एवढंच तो सांगू शकला. जागेच्या पंचनाम्यात आम्हाला तळहाताएवढा एक काळा तुकडा मिळाला. वर रंग, आत वाळलेल्या चिखलासारखं काहीतरी. मी तो पुडीत बांधला, सील केला आणि मुद्देमालात जमा केला. खरं सांगायचं तर नंतर तो विसरलोही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता माणूस एवढंच म्हणाला, की शहराबाहेरच्या एका गॅरेजात वकीलसाहेबांच्या काळ्या गाडीचं डावं मडगार्ड कापून काढलंय, लवकर जा.

हे वकील शहरात नावाजलेले. त्यांची विलायती गाडी वडिलांच्या काळातली, सगळ्यांच्या ओळखीची. एका खटल्यात त्यांनी उलटतपासणीत मला भर कोर्टात घाम फोडला होता. फोन ठेवताना मला बरं वाटलं, हे मी आज कबूल करतो.

गॅरेजात गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली होती. डाव्या मडगार्डचा खालचा भाग कापून तिथे नवा पत्रा गॅसने जोडला होता. काम करणारा मिस्त्री पन्नाशीचा, किनाऱ्यावरच्या मुसलमान वस्तीतला. आखातात आठ वर्षं पत्र्याचं काम करून परतलेला. त्याचं म्हणणं, गाडी बारा दिवसांपासून त्याच्याकडे आहे, गंज काढायला. लेखी नोंद काही नव्हती. शेजारी म्हणत, गाडी बरेच दिवस दिसते खरी. पण अपघाताच्या सकाळी ती इथेच होती, असं छातीठोक सांगणारा कोणी निघाला नाही. वकील लेकीकडे पुण्याला गेलेले. मी गाडी जप्त केली, ट्रकवर चढवून ठाण्यात आणली आणि मिस्त्रीला चौकशीला घेतलं.

संध्याकाळपर्यंत मी त्याला तेच तेच प्रश्न विचारले. गाडी कोणी आणली? ठोकर कुठे बसली? पत्रा कापायची घाई का? तो एकच उत्तर देई, की ठोकर नाही, गंज आहे. हवालदार म्हणाला, हा मुरलेला आहे. मला ते पटलं. सोडताना त्याला रोज हजेरीला यायला बजावलं.

जाताना तो दारात थांबला आणि त्याने विचारलं, गंज धरू नये म्हणून उघड्या पत्र्यावर लाल रंगाचा एक हात मारू का? मी सरळ नाही म्हटलं. जप्त मुद्देमालाला हात लावायचा नाही.

पुढचे दोन दिवस तो हजेरीला आला आणि दोन्ही दिवशी त्याने तेच मागितलं. वकीलही परतले. भांडतील असं वाटलं होतं, पण त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "तपास करा. फक्त पुरता करा." ते मला झोंबलं.

चौथ्या दिवशी मिस्त्री आला तो सरळ गाडीपाशी गेला. उघड्या पत्र्यावर खाऱ्या वाऱ्याने तांबूस साय धरली होती. तो तिच्यावरून अंगठा फिरवत उभा राहिला. मी खिडकीतून पाहत होतो. गुन्हेगार ठाण्यात आला की दार बघतो, माणसं बघतो, आपल्याविषयी कोण काय बोलतंय ते ऐकतो. या माणसाला स्वतःची काळजीच नव्हती. त्याला पत्र्याची काळजी होती.

मी त्याला आत बोलावलं, चहा मागवला आणि पहिल्यांदाच विचारलं, "मिस्त्री, गंजाचं काम तुम्ही करता कसं?"

चार दिवस एकाच वाक्यावर अडलेला माणूस अर्धा तास बोलला. कापलेले जुने तुकडे तो फेकत नाही. गिऱ्हाइकाला दाखवायला गोणीत ठेवतो, नाहीतर लोक म्हणतात की चांगला पत्रा कापलास. मी शिपाई पाठवून गोणी आणवली. आमच्या जप्तीत ती राहूनच गेली होती. त्याने तुकडे टेबलावर जुळवून जुनं मडगार्ड मांडलं. कडा पापडासारख्या पातळ, जागोजागी चाळण. पण वळण शाबूत, कुठेही चेप नाही.

"सायेब, गंज आतून भायेर येतो," तो म्हणाला. "ठोकर भायेरून आत जाते. ह्यात ठोकर खंय हाय, दाखवा."

मी एकेक तुकडा उलटून पाहिला. तेव्हा मला ती पुडी आठवली. दोन पंच बोलावले, त्यांच्यासमोर सील फोडलं आणि तुकडा त्याच्या हातात दिला. त्याने तो उजेडात धरला, कडेवर नख मारलं. आतून हिरवट धागे निघाले.

"हे माझं काम न्हाय. ह्यात पत्राच न्हाय. भोकाला मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा लावून वरून नुसती पुट्टी थापल्यानी. असा काम करणारा बंदराजवळ एकच हाय."

बंदराजवळच्या त्या कारागिराने तुकडा बघताच आपलं काम ओळखलं. जाळं लावून त्याने एकच काळी गाडी केली होती, तीही वर्षभरापूर्वी, एका व्यापाऱ्याची. ती गाडी आम्हाला त्याच संध्याकाळी व्यापाऱ्याच्या गोदामामागे ताडपत्रीखाली सापडली. मडगार्डमध्ये भगदाड होतं. पंचांसमोर तुकडा त्यात ठेवला, तो बरोबर बसला. जाळ्याचे तुटके धागेसुद्धा एकमेकांना मिळाले.

व्यापाऱ्याच्या ड्रायव्हरने आढेवेढे घेतले नाहीत. "मागे वळून बघितलंच नाही साहेब," तो म्हणाला. "बघितलं असतं तर थांबलो असतो." पुढे कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला.

नर्सबाई आदल्याच दिवशी शुद्धीवर आल्या होत्या. पहिली चौकशी त्यांनी लशीच्या डब्याची केली, असं डॉक्टरांनी मला सांगितलं. पावसाळा सरल्यावर त्या काठी टेकत पुन्हा वाड्यांवर जाऊ लागल्या.

वकिलांची गाडी सोडण्याचा कोर्टाचा आदेश यायला दोन दिवस होते. त्यांची संमती घेऊन, पंचनाम्यात तशी नोंद करून मी मिस्त्रीला आवारातच काम करू दिलं. त्याने आधी तांबूस थर घासून काढला, रॉकेलच्या फडक्याने पत्रा पुसला, मग लाल रंगाचा हात दिला. मी खुर्ची टाकून शेजारी बसलो. त्याची माफी मागायला मला तो सगळा वेळ लागला. तो म्हणाला, "तुमी तुमचं काम केलंत, सायेब." मी म्हटलं, नव्हतं केलं.

वकिलांचीही माफी मागायला मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी बसवलं, कोकम सरबत दिलं आणि केसविषयी एक अक्षर काढलं नाही. निघताना मात्र माझ्याबरोबर फाटकापर्यंत आले.

'तू काय केलंस' असं विचारलं की माणूस आक्रसतो. 'तुझं काम कसं करतोस' असं विचारलं की मोकळा होतो. हे मी त्या मिस्त्रीकडून शिकलो आणि पुढच्या सगळ्या नोकरीत वापरलं. दुसरा धडा जास्त कडू होता. त्या चार दिवसांत मी पुरावा शोधतच नव्हतो. वकिलांचा गुन्हा निघावा, अशी माझी इच्छा होती. तेव्हापासून एखाद्यावरचा संशय मनाला फार गोड लागायला लागला, की मी तपासाची कागदपत्रं एका दिवसासाठी सहकाऱ्याच्या टेबलावर ठेवत असे आणि म्हणत असे, "यात माझं कुठे चुकतंय तेवढं बघ." बहुतेक वेळा काहीतरी सापडायचंच.