मोठ्या बाबांची डिझेल गाडी

माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, नांदुऱ्याजवळचे बडे जमीनदार. त्यांच्याकडे एक जुनी विलायती मोटार होती. ती पेट्रोल फार पिते म्हणून त्यांनी तिच्यात डिझेलचं इंजिन बसवून घेतलं. मिस्त्रीकडून गाडी घरी आली ती थरथरत. मोठे बाबा म्हणाले, "ताकद आहे तिच्यात."

थोड्याच दिवसांत क्लच दाबला की आतून किंचाळी येऊ लागली. पाय उचलला की गप्प. बुलढाण्याला त्यांचा बांधाचा दावा चालू होता. कोर्टाच्या फाटकात गाडी वळली, की विरुद्ध बाजूचा वकील अर्धा चहा टाकून उठायचा.

गावात निदान करणाऱ्यांना तोटा नव्हता. हेडमास्तर म्हणाले, इंजिन जड झालं. जन्मात सायकलपलीकडे काही न चालवलेल्या एका पाहुण्यानं गिअरबॉक्स बदलायला सांगितलं. मोठे बाबा सगळ्यांना चहा पाजायचे आणि शिव्या मिस्त्रीला द्यायचे.

मिस्त्रीनं आमच्या अंगणातच गिअरबॉक्स उतरवला.

"मालक, क्लचचं बेअरिंग घासलं. पाय दाबला का हे फिरते, सोडला का आराम."

नवं बेअरिंग बसलं, गाडी शांत झाली. पण काही आठवड्यांत पुन्हा तेच.

"खराब माल वापरतं बे तू," मोठे बाबा म्हणाले.

"हाव मालक," एवढंच तो बोलला आणि दुसरं बेअरिंग बसवून गेला.

मी तेव्हा बुलढाण्याला कॉलेजात होतो. एकदा सुट्टी संपवून त्यांच्याच गाडीतून निघालो. मागे माझी ट्रंक आणि धान्याची पोती, म्हणून मोठी आई, म्हणजे माझी काकू, कधी नव्हे ती पुढे बसली. घाट चढून झाल्यावर तिनं विचारलं, "तुमचा डावा पाय त्या क्लचच्या पट्टीवरूनच उठत नाही. काऊन?"

"वेळेवर सापडला पायजे म्हणून."

"मंग बेअरिंग घासूनच राह्यलं ना. मिस्त्री अंगणात सांगत होता, तुमी आयकलं नाही काय?"

मोठ्या बाबांनी गाडी थांबवली आणि खाली उतरून चारही चाकांची हवा बुटानं तपासली.

पुढे मी मिस्त्रीला गाठून विचारलं, हे त्याला ठाऊक नव्हतं का.

"पयल्याच बारीले समजलं होतं," तो म्हणाला. "पण मालकाच्या पायाले नाव कोण ठेवन? मले याच गावात राहाचं आहे."

बेअरिंग तिसऱ्यांदा बदललं. त्याच आठवड्यात मोठ्या बाबांनी ड्रायव्हर ठेवला. कोर्टात स्वतः गाडी हाकत जाणं बरं दिसत नाही, असं कारण दिलं. गाडी पुन्हा कधी ओरडली नाही. कोणी विचारलं, तर मागच्या सीटवर रेलून ते सांगत, "नवं इंजिन होतं, बसायले वेळ लागते." हेडमास्तर मान डोलवून म्हणत, हेच तर मी सांगत होतो.